चार हजार ग्राहकांच्या बळावर

संगणकावरील खेळ म्हटले की शेकडो तंत्रज्ञ, कोट्यवधींचे अंदाजपत्रक आणि चित्रपटालाही लाजवील असा झगमगाट डोळ्यांसमोर येतो. जेफ व्होगेल यांच्या खेळांत यातले काहीच नाही. तरीही अमेरिकेतील सिएटलचे हे गृहस्थ १९९४ पासून याच व्यवसायावर आपले घर चालवीत आहेत. 'स्पायडरवेब सॉफ्टवेअर' या त्यांच्या कंपनीत ते, त्यांची पत्नी आणि कामापुरते मोजके सहकारी, एवढाच काय तो पसारा.

गणिताचे उच्च शिक्षण घेत असताना व्होगेल यांनी 'एक्झाइल' हा पहिला खेळ लिहिला आणि १९९५ मध्ये 'शेअरवेअर' पद्धतीने विकायला काढला. खेळाचा पहिला भाग कोणीही फुकट घ्यावा, मित्राला नक्कल करून द्यावी. कथा पुढे न्यायची असेल तर पैसे पाठवून कुलूप उघडून घ्यावे, अशी ही पद्धत. मध्ये दुकानदार नाही की वितरक नाही.

या धंद्याचे खरे गणित उमगते ते 'जेनेफोर्ज' मालिकेतील चौथ्या खेळावरून. त्याचा जमाखर्च व्होगेल यांनी २००९ मध्ये स्वतःच जाहीर केला. खेळाला सुमारे १ लाख २० हजार डॉलर खर्च आला होता आणि २८ डॉलर किमतीच्या सुमारे ४ हजार प्रती तोवर खपल्या होत्या. म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी! मोठ्या कंपनीने एवढ्या विक्रीवर तो विभागच बंद केला असता. पण या खर्चात घरच्यांचे वेतनही आले, आणि जुना खेळ पुढेही थोडाथोडा विकला जातच राहतो. गल्लीतल्या जुन्या खाणावळीसारखेच हे. गिऱ्हाईक मोजके, पण ठरलेले.

अडचण अशी, की संगणक बदलतात आणि जुने खेळ त्यांवर चालेनासे होतात. २०१९ मध्ये ॲपलने ३२ बिटच्या प्रोग्रॅमना आपल्या नव्या प्रणालीतून हद्दपार केले, तेव्हा कित्येकांचे जुने काम एका फटक्यात निकामी झाले. व्होगेल यांचा यावरचा उपाय म्हणजे पुनर्लेखन. 'एक्झाइल' २००० मध्ये 'ॲव्हर्नम' नावाने नव्याने आला, २०११ मध्ये पुन्हा एकदा. २००१ च्या पहिल्या 'जेनेफोर्ज'ला २०२१ मध्ये नवे रूप मिळाले. कथा तयार असल्याने मेहनत वाचते आणि जुने चाहते परततात. खेळांची चित्रे साधी, जुनाट दिसतात, ही टीका मात्र कायमची. ती खोटी नाही. पण भारी चित्रांचा खर्च भागवायला ग्राहक दुपटी-तिपटीने वाढावे लागतील आणि तसे न झाल्यास बुडेल ते स्वतःचे घर, हेही तितकेच खरे.

२०११ मध्ये 'ॲव्हाडॉन'द्वारे त्यांचे खेळ 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात पोहोचले आणि किमती उतरवूनही नवा वाचक, म्हणजे खेळाडू, मिळाला. ती चांदी फार काळ टिकली नाही. २०१७ पासून १०० डॉलर भरून कोणालाही तेथे खेळ मांडता येऊ लागला आणि दरवर्षी हजारोंची भर पडू लागली. नव्या गर्दीत जुने नाव शोधणार कोण? 'क्वीन्स विश' या नव्या मालिकेसाठी २०१८ मध्ये व्होगेल यांनी चाहत्यांकडूनच आगाऊ वर्गणी गोळा केली.

दुसऱ्या 'जेनेफोर्ज'चे पुनर्लेखन २०२४ मध्ये बाजारात आले. मूळ मालिकेतील आणखी तीन खेळ तेव्हा शिल्लक होते.