‘आजवर काही झाले नाही’ : एका अनुमानाची तपासणी

वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी मराठवाड्यात ओळखले जाते, आणि ज्ञान कशाला म्हणावे व ते कोणत्या आधारावर उभे असते याचा विचार करणारी ज्ञानमीमांसा व्यवहारात कोठे कसाला लागते, हे पाहायला अशा गावाइतकी चोख जागा विरळा. दारू भरण्याच्या शेडबद्दल ‘आजवर काही झाले नाही, आजही होणार नाही’ असे कोणी मालक म्हणाला, तर ते अनुमान होय. अशा अनुमानाला व्याप्ती, म्हणजे जेथे धूर तेथे अग्नी असा अपवादरहित संबंध, लागतो आणि चार्वाकांनी, म्हणजे प्राचीन भारतीय जडवाद्यांनी, नेमके येथेच बोट ठेवले की, पाहिलेल्या कितीही उदाहरणांवरून न पाहिलेल्यांची हमी मिळत नाही.

पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलेले आणि पुढे सारनाथच्या केंद्रीय उच्च तिबेटी शिक्षण संस्थेत संशोधन केलेले प्रदीप गोखले यांच्या कारकिर्दीचे हे एक मुख्य सूत्र. १९९२च्या ग्रंथात त्यांनी प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील अनुमान आणि हेत्वाभास, म्हणजे वरवर हेतू वाटणारी सदोष कारणे, तपासली, तर २०१५च्या लोकायतावरील, म्हणजे चार्वाक दर्शनावरील, ग्रंथात चार्वाक एकजिनसी नव्हते असे मांडले : जयराशी सगळीच प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, उडवून लावतो, काही जण केवळ प्रत्यक्ष मानतात, तर पुरंदर लोकव्यवहारात पडताळता येणारे अनुमान स्वीकारून परलोकाकडे नेणारे तेवढे नाकारतो. यातली तिसरी भूमिकाच कामाची. जयराशीच्या मार्गाने गेल्यास कारखान्याचे कुलूपही उघडायला नको.

इंग्रज गणिती क्लिफर्ड याने १८७७मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच प्रश्न नीतीच्या बाजूने विचारला. त्याच्या उदाहरणातला जहाजमालक, जुने जहाज इतक्या सफरी करून सुखरूप परतले आहे, एवढ्यावर मनातली शंका दाबतो व प्रवाशांसह ते बुडते; मात्र ते बुडाले नसते तरी मालक तितकाच दोषी, कारण असा विश्वास बाळगण्याचा हक्क त्याने तपासणीने कमावलेला नव्हता, असे क्लिफर्ड बजावतो.

क्लिफर्डचा मालक निदान तपासू तरी शकत होता. रोजंदारीवरच्या मजुराला शब्दप्रमाणावर, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावर, विसंबावे लागते. असा आप्त कोण, याचे उत्तर न्यायभाष्यकार वात्स्यायनाने दिले आहे : ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जो जाणला तसाच सांगू इच्छितो. शेड न तपासता, पण अगदी मनापासून, ‘काही होत नाही’ असे सांगणारा मालक यातली दुसरी अट पाळत असला, तरी पहिल्या अटीवरच आप्त ठरत नाही.