बाजार बंद, बाग चालू

ऑक्टोबरात छाटणी झाली की चार-पाच महिन्यांत द्राक्षाचा घड तयार होतो, मग जग उघडं असो की बंद. 2020 च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागली तेव्हा नाशिक जिल्ह्यात काढणी ऐन भरात होती. मजूर गावी निघालेले, बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत, व्यापारी माल उचलायला तयार नाहीत. एरवी सांगली-तासगावचं समजलं जाणारं बेदाण्याचं काम नाशिकच्या कितीतरी बागायतदारांनी तेव्हा हाती घेतलं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, सावलीत जाळ्यांवर पसरायचे आणि वाळायची वाट पाहायची. भाव कमी मिळाला तरी माल मातीत गेला नाही.

त्याच दिवसांत दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’नं फळं-भाज्यांच्या टोपल्या भरून नाशिक, मुंबई, पुण्याच्या घरांपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. निर्यातीची सवय असलेली शेतकऱ्यांची कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांच्या फाटकापाशी आली. हे रातोरात सुचलं असं म्हणणं सोपं आहे, पण तसं म्हटलं की खरं काम झाकलं जातं. पॅकहाउस, शीतगृह, प्रतवारी करणारे हात आणि कुठल्या प्लॉटवर काय तयार आहे याची नोंद हे सगळं तिथे आधीपासून होतं. बदलला तो फक्त शेवटचा टप्पा.

ती घडी बसली त्यामागे आधीचं एक मोठं संकट होतं. 2010 च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची नुसती पानोऱ्याची वाढ रोखायला ते वापरलं जाई. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. माल अडकला, पैसे बुडाले, निर्यातदार आणि बागायतदार दोघंही कर्जात गेले. द्राक्षं निर्यात करणाऱ्या विलास शिंदे यांनाही त्याची झळ बसली. त्यानंतर त्यांच्या पुढाकारानं शेतकरीच भागधारक असलेली ‘सह्याद्री’ ही उत्पादक कंपनी उभी राहिली. फवारणीची नोंद, रेसिड्यूची तपासणी, पेटी कुठल्या बागेतली याचा माग या गोष्टी आता सभासदांच्या स्वतःच्या कंपनीच्या झाल्या.

अनिश्चित काळात उद्योगांनी धाडस करावं, असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. मला त्याआधी एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: प्रयोग फसला तर भुर्दंड कुणाला? दोन एकरांच्या बागायतदाराला वाण बदलायचा तर उत्पन्नाचा किमान एक हंगाम हातचा जातो, खुंटावर नवं कलम बसेपर्यंत खर्च चालूच राहतो आणि हप्ते थांबत नाहीत. त्याला धाडस शिकवणं अन्यायाचं आहे. त्याच्या बाजूला शंभर जण उभे असतील, तर तो चार ओळींवर नवा वाण लावून पाहू शकतो.

अवकाळी पावसानं मणी तडकणं आता दर हंगामाची भीती झाली आहे, म्हणून वाणाचा प्रश्न तातडीचा आहे. परदेशात तयार झालेले पेटंटचे वाण परवान्याशिवाय लावता येत नाहीत. ते वाण तयार करणाऱ्या कंपन्या एकट्या शेतकऱ्याशी सहसा बोलणीही करत नाहीत. ‘सह्याद्री’नं ‘आरा’ मालिकेतल्या वाणांचे हक्क मिळवले आणि ती कलमं सभासदांच्या बागांत गेली.