वरिष्ठ सभागृहात वऱ्हाडची जागा

आमचा शेतकरी बंधू ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत रात्र रात्र जागतो. विधानसभेच्या वेळी हातातील निंदण टाकून मतदानास जातो. परंतु दिल्लीच्या राज्यसभेची निवडणूक केव्हा आली व केव्हा गेली हे त्यास वर्तमानपत्रातूनच कळते, आणि ते पान उलटून तो बाजारभावाकडे वळतो. ह्यात त्याचा दोष फारसा नाही. जेथे आपले मत मागावयास कोणी येत नाही तेथे आपला संबंध तो काय, असे त्यास वाटणे साहजिक आहे. पण संबंध आहे, आणि तो जुना आहे. एके काळी दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात 'वऱ्हाडचा प्रतिनिधी' ह्याच नावाची एक स्वतंत्र खुर्ची होती. ती कशी मिळाली, कशी गेली, आणि तिच्या जागी आज आपल्या पदरात काय आहे, ह्याचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा असा आमचा हेतू आहे.

मक्त्याचा मुलूख

ह्या खुर्चीची गोष्ट सांगावयाची तर प्रथम मुलुखाच्या मालकीची गोष्ट सांगितली पाहिजे. १८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत सालीना पंचवीस लक्ष रुपये ठरवून इंग्रजांनी तो कायमच्या मक्त्याने घेतला, आणि १९०३ साली त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर उताऱ्यावर नाव निजामाचे आणि वहिवाट इंग्रजांची, असा हा प्रकार होता.

ह्याचा परिणाम असा की, कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच. हिंदुस्थान सरकारच्या कौन्सिलात झालेला कायदा नागपुरास लागू होई. पण तोच अमरावतीस व अकोल्यास लागू करावयाचा तर निराळे जाहीरपत्रक काढावे लागे. आमच्या बाजारांचेच उदाहरण घ्या. कारंज्याचा कापसाचा बाजार १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियंत्रित झाला, आणि १८९७ त वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. शेतमालाच्या बाजारास नियम घालावे हा धडा हिंदुस्थानाने प्रथम वऱ्हाडात गिरविला, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्यांचा कापूस त्या बाजारात विकला जात होता त्यांस त्या कायद्याविषयी कोणी विचारले नव्हते, हेही विसरता कामा नये.

विचारणारी सभाच तोवर नव्हती असे नाही. पण ती लहान व दूरची होती. व्हाइसरॉयच्या जुन्या, एकाच सभागृहाच्या कायदेकौन्सिलात अमरावतीचे दोन वकील बसून गेले: एक १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर, आणि दुसरे लोकमान्य टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे. दोघेही विद्वान व निर्भीड. तथापि ते सर्व प्रांताच्या वतीने बोलत. वऱ्हाड असे नाव त्यांच्या जागेवर लिहिलेले नव्हते.

नेमणुकीच्या नावाखाली निवडणूक

ते नाव आले १९२१ साली. १९१९ च्या सुधारणा-कायद्याने दिल्लीस दोन सभागृहे झाली: खालचे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली व वरचे कौन्सिल ऑफ स्टेट. वरच्या सभागृहात साठ सभासद. त्यांत निम्म्याहून थोडे अधिक निवडलेले व बाकीचे सरकारने नेमलेले. येथे वऱ्हाडची जुनी अडचण उभी राहिली. जो मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात नाही, त्यातून निवडलेला मनुष्य ब्रिटिश हिंदुस्थानच्या सभेत बसणार कसा? ह्यावर तोड अशी काढण्यात आली की, वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यावी, आणि जो निवडून येईल त्यास गव्हर्नर जनरलने 'नेमावे'. म्हणून त्या काळच्या याद्या पाहिल्या तर वऱ्हाडचा सभासद नेमलेल्यांच्या रांगेत दिसतो, व पुढे 'वऱ्हाडचा प्रतिनिधी' असा शेरा असतो. मध्यप्रांताची जागा निराळी आणि ही निराळी. कायद्याच्या एका विचित्र अडचणीने आम्हांस जे दिले, ते मागून मिळाले असते की नाही ह्याची शंकाच आहे.

ह्या खुर्चीवर प्रथम दादासाहेब खापर्डे बसले. पुढे ती अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी ह्यांच्याकडे आली. हिंदुस्थानातील नामांकित वक्त्यांच्या सभेत अमरावती व अकोला ह्या दोन गावांचे नाव अशा रीतीने राहिले.

पण जमाखर्च मांडावयाचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. ह्या सभागृहासाठी मत देण्याचा हक्क फारच थोड्यांस होता. मोठा सारा किंवा मोठा प्राप्तीकर भरणारे, नगरपालिका व लोकल बोर्डांचे अध्यक्ष, विश्वविद्यालयांच्या सिनेटचे सभासद, असे निवडक लोक मतदार असत. साऱ्या देशात त्यांची संख्या सतरा हजारांच्या आसपास होती. म्हणजे वऱ्हाडातील दहा-वीस एकरांच्या कास्तकारास त्या खुर्चीशी काही देणेघेणे नव्हते. आणि ते सभागृहही मुळात खालच्या सभेस लगाम म्हणून निर्माण केलेले. १९२३ साली मिठावरील कर दुप्पट करण्यास असेंब्लीने नकार दिला असता ह्याच वरच्या सभेने तो मान्य केला. मीठ तर गरीब कास्तकाराच्या भाकरीबरोबर रोज खाल्ले जात होते.

तेव्हा ती खुर्ची वऱ्हाडच्या नावाची होती, पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याची नव्हती, हे कबूल करावे लागते.

खुर्ची गेली ती कशी

१९३६ साली निजामाशी नवा करार होऊन त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मालकी त्याची व कारभार मध्यप्रांताचा ही जुनी व्यवस्था तशीच राहिली. १९४७ साली इंग्रज गेले तसा मक्ताही संपला व त्याबरोबर 'वऱ्हाडचा प्रतिनिधी' हा शेराही संपला. त्याच साली ऑगस्टात अकोल्यास झालेल्या करारात संयुक्त महाराष्ट्र झाल्यास विदर्भास त्यात निराळा उपप्रांत व निराळे कायदेमंडळ असावे असे ठरले होते. घटनासमितीत पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख व अकोल्याचे बियाणी हे दोघेही होते. परंतु घटना झाली तीत राज्याच्या आतील विभागांस वरिष्ठ सभागृहात निराळी जागा ठेवली गेली नाही.

अमेरिकेच्या सिनेटात लहानमोठ्या प्रत्येक राज्यास सारख्याच दोन जागा असतात. आमच्या घटनाकारांनी तो मार्ग न घेता लोकसंख्येचा मार्ग घेतला: पहिल्या पन्नास लक्षांपर्यंत दर दहा लक्षांस एक जागा, व पुढे दर वीस लक्षांस एक. ह्या हिशेबाने १९५२ साली राज्यसभा भरली तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशास बारा जागा होत्या, व त्यांतील एकीवर अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख निवडून गेले. १९५६ त वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यास सत्तावीस जागा होत्या. १९६० साली महाराष्ट्र झाला व त्यास एकोणीस जागा मिळाल्या. त्या आजही एकोणीसच आहेत. मालक तीनदा बदलले. वऱ्हाडचे नाव मात्र एकाही यादीत पुन्हा आले नाही.

आजचे गणित

राज्यसभेची मते विधानसभेचे निवडून आलेले आमदार देतात. महाराष्ट्राचे आमदार २८८. एकोणीस जागांपैकी दर दोन वर्षांनी कधी सहा तर कधी सात रिकाम्या होतात. सहा जागा असल्या म्हणजे २८८ ला सातांनी भागावे. भागाकार ४१ येऊन शिल्लक उरते, म्हणून पहिल्या पसंतीची ४२ मते मिळविणारा निश्चित निवडून येतो. सात जागा असल्या तर आठांनी भागून ३६, व त्यावर एक म्हणजे ३७ मते लागतात.

आता आपले घर मोजून पाहू. अमरावती जिल्ह्याचे आमदार ८, यवतमाळचे ७, बुलढाण्याचे ७, अकोल्याचे ५ व वाशीमचे ३, एकूण ३०. म्हणजे पाचही जिल्ह्यांचे सर्व आमदार पक्षभेद विसरून एका मनुष्यामागे उभे राहिले, तरी केवळ आपल्या बळावर ते त्यास राज्यसभेत पोचवू शकत नाहीत. नागपूर विभागाचे ३२ मिळून विदर्भाचे ६२ झाले तर एक जागा खात्रीने येते. हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते.

वऱ्हाडची माणसे राज्यसभेत गेलीच नाहीत असे नव्हे. पंजाबरावांच्या पत्नी विमलाबाई देशमुख तेथे होत्या, दारापूरचे रा. सू. गवई २००० ते २००६ पर्यंत होते. २०२२ साली अमरावती जिल्ह्यातील डॉ. अनिल बोंडे निवडून गेले. पण हे सारे पक्षांच्या निवडीने व साऱ्या राज्याच्या मतांनी गेले. शिवाय २००३ च्या दुरुस्तीने उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असावा ही अट काढली गेली, व आमदाराचे मत पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवून देण्याची रीत आली. आता महाराष्ट्राच्या जागेवर महाराष्ट्राबाहेरचा मनुष्यही बसू शकतो, व बसतोही.

शेतकऱ्यास ह्याचे काय?

शेती व बाजार हे घटनेप्रमाणे राज्याचे विषय. परंतु राज्यसभेने दोनतृतीयांश मतांनी ठराव केला तर राज्याच्या विषयावरही दिल्लीस कायदा करता येतो. हा अधिकार केवळ ह्याच सभागृहाचा आहे. २०२० च्या सप्टेंबरात शेतीविषयक तीन विधेयके राज्यसभेत मंजूर झाली, त्यांतील दोन २० तारखेच्या गोंधळात आवाजी मतदानाने झाली. पुढे वर्षभर आंदोलन होऊन २०२१ च्या नोव्हेंबरात ते कायदे रद्द झाले. ते चांगले की वाईट ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु ज्या वऱ्हाडात देशाच्या बाजार-नियमांचा आरंभ झाला, त्याच्या नावाने त्या दिवशी बोलणारी खुर्ची सभागृहात नव्हती, एवढे खरे.

मग जुनी खुर्ची परत मागावी काय? आमच्या मते नाही. ती मूठभर मतदारांची होती. आज आपल्यापाशी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाचे मत आहे, आणि त्या मतातून झालेला आमदारच राज्यसभेचा मतदार आहे. अमेरिकेतही १९१३ पर्यंत सिनेटचे सभासद राज्यांची कायदेमंडळे निवडीत. घटना दुरुस्त करून लोकांनी ते मत आपल्या हाती घेतले. आपणांस इतके दूर जाण्याआधी पुष्कळ करण्यासारखे आहे.

पहिले असे की, मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास रस्ता व वीज ह्यांबरोबर हेही विचारावे: राज्यसभेसाठी तुम्ही कोणास मत देणार, व कापसाविषयी त्याच्याकडून काय वदवून घेणार? दुसरे असे की, राज्यसभेच्या सभासदास आपला स्थानिक विकासनिधी राज्यातील कोणत्याही जिल्ह्यात खर्च करता येतो. म्हणून आपल्या सोसायट्यांनी व बाजार समित्यांनी एकट्या 'आपल्या' माणसाकडे न जाता एकोणिसांकडेही लेखी मागणी धाडावी. तिसरे असे की, राज्यसभेची याचिका समिती आहे. सभासदाची सही मिळवून सामान्य नागरिकासही तिच्यापुढे आपले गाऱ्हाणे नेता येते.

असो. निजामाच्या मक्त्याने मिळालेले नाव मक्त्याबरोबरच गेले, त्याचे दुःख करीत बसण्यात अर्थ नाही. पण ४२ व ३० ह्या दोन आकड्यांमधील बारांचे अंतर शेजाऱ्यांशी मेळ घालूनच भरून काढावे लागेल. पुढील निवडणूक येण्यापूर्वी आपल्या गावच्या सोसायटीच्या बैठकीत हे गणित एकदा मांडून पाहावे, एवढी आमच्या वाचकांस विनंती आहे.