चुकीच्या खुंटावरचं कलम

पावसाळ्यात मंडणगड-दापोली पट्ट्यातल्या एखाद्या रोपवाटिकेत डोकवा. कलम बांधणारा उकिडवा बसलेला दिसेल. रुजलेल्या कोयीचा तांबूस कोंब तो चाकूने आडवा छाटतो, मधोमध चीर देतो, हापूसच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतो. खाली रायवळचा खुंट, वर हापूस. जोर खुंटाचा, गुण काडीचा. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, समजून घ्यायला मला हे कोय कलम फार उपयोगी पडतं.

त्याआधी घराघरातल्या एका भीतीबद्दल. रिपोर्टात ‘जनुकीय बदल’ हे शब्द आले की पहिला प्रश्न येतो, ‘मग पोरांना पण होणार काय?’ दुसरा कुणी मोठ्याने विचारत नाही, तो मुलीच्या लग्नाचा असतो. लिम्फोमातले बहुतेक बदल आईवडिलांकडून आलेले नसतात. ते जन्मानंतर शरीरातल्या एखाद्या पेशीत घडतात आणि त्या पेशीच्याच पिलावळीत राहतात. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात धोका किंचित वाढलेला आढळतो, हे खरं. पण मुळात तो इतका कमी, की त्यापायी सोयरीक मोडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

मग बदल होतो कसा? शरीरातल्या पेशी आपला डीएनए डोळ्यांत तेल घालून जपतात. बी लिम्फोसाइट नावाची पांढरी पेशी मात्र तो मुद्दाम कापते. जगात जंतू असंख्य, प्रत्येकासाठी वेगळी प्रतिपिंडं हवीत, आणि तेवढी जनुकं बाळगणं शक्य नाही. म्हणून अस्थिमज्जेत तयार होताना ही पेशी 14 व्या गुणसूत्रावरच्या प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे करून ते नव्याने जोडते. पुढे ग्रंथीत, जंतूशी गाठ पडल्यावर, त्याच जनुकात पुन्हा काटछाट होते. एवढी चाकू-कात्री चालते तिथे कधीतरी हात चुकणारच.

14 व्या गुणसूत्राची चीर उघडी असताना 18 वं गुणसूत्रही तुटलं, तर भलतीच काडी तिथे बसते. ती असते ‘बीसीएल-2’ या जनुकाची. या जनुकाचं काम पेशीचं मरण रोखणं. आणि खुंट कुठला, तर प्रतिपिंडाचा, जो बी पेशीत अहोरात्र जोमात असतो! त्याच्या जोरावर बीसीएल-2 थांबतच नाही. वेळ झाली की मरायला हवी ती पेशी मरत नाही, ग्रंथीत साचत राहते. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत हे कलम सापडतं. ‘बर्किट’ प्रकारात 8 व्या गुणसूत्रावरचं ‘मिक’ जनुक बहुधा याच खुंटावर येतं. ते पेशीला सतत दुभंगायला लावतं, म्हणून ती गाठ झपाट्याने वाढते. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या या गाठींचं वर्णन 1958 मध्ये केलं. गुणसूत्रांची अदलाबदल कळायला पुढची बरीच वर्षं गेली.

पण कलम बांधलं म्हणजे आंबा लागला असं नाही. 14-18 चं हे कलम निरोगी माणसांच्या रक्तातही तुरळक पेशींत सापडतं आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. रोग व्हायला ‘केएमटी2डी’, ‘क्रेबीबीपी’ यांसारख्या जनुकांत आणखी बिघाड साठावे लागतात, त्याला कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे ‘माझं काय चुकलं?’ या रुग्णाच्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं.

कुठलं कलम आहे यावर उपचार ठरतात, म्हणून तपासणीला महत्त्व. आपल्याकडे गाडं अडतं ते इथेच. मानेत न दुखणारी गाठ आली की ‘गंडमाळ’ म्हणून लेप लागतो, नाहीतर तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. क्षय आपल्याकडे भरपूर आहे, तेव्हा शंका येणं चूक नाही. पण सुईने काढलेल्या चार थेंबांवर लिम्फोमाचा प्रकार बहुधा ठरत नाही; शक्य तिथे अख्खी ग्रंथी काढून बघावी लागते.

मंडणगड तालुक्यात रेल्वे नाही. मोठ्या तपासणीसाठी एसटीने डेरवणचं रुग्णालय गाठा, नाहीतर थेट परळचं टाटा रुग्णालय. लोक त्या वाटेला लागतात तेव्हा पिशवीत जाडजूड फाइल असते, आणि नेमकी हवी ती वस्तू गावाकडच्या लॅबमध्ये राहिलेली असते. ती म्हणजे मेणाचा ब्लॉक, काड्यापेटीपेक्षाही लहान. काढलेली गाठ त्यात बंद असते आणि गुणसूत्रं जिथे जोडली गेली ती जागा शोधणारी ‘फिश’ तपासणी त्याच्याच पातळ कापावर होते. गाठ तीन-चार आठवड्यांत बसली नाही, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजनात घट असेल, तर तुकडा तपासून घ्या. आणि मुंबईची गाडी धरण्याआधी लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या.