पत्ता कोणाचा, साक्ष कोणाची?

आजच्या विषयाचे नाव रूक्ष आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. इथरनेटच्या जाळ्यात पत्त्याची उकल कशी होते आणि त्यासाठी स्विच नावाचे यंत्र कसे लावावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी समाजाचा एक जुनाच प्रश्न आहे. कोणी पुढे येऊन ‘तो मीच’ असे म्हटले, तर त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावयाचा?

प्रथम यंत्रांची ओळख करून घेऊ. कचेरीतील संगणकांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच. तार जोडण्याच्या तिच्या प्रत्येक जागेस पोर्ट म्हणतात. हे संगणक ज्या पद्धतीने बोलतात ती इथरनेट. तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत मांडली. या जाळ्यातील प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. एक ४८ बिटांचा मॅक पत्ता, सहसा कारखान्यातच दिलेला. दुसरा आयपी पत्ता, जाळ्याच्या व्यवस्थेने दिलेला आणि सर्वपरिचित चौथ्या आवृत्तीत ३२ बिटांचा. पहिला माणसाच्या चेहऱ्यासारखा, जाईल तेथे बरोबर येणारा. दुसरा घरक्रमांकासारखा, बिऱ्हाड बदलले की बदलणारा.

संदेश पाठविणाऱ्याला घरक्रमांक ठाऊक असतो. पण इथरनेटवर मजकूर पोचवावयाचा तर चेहरा ओळखावा लागतो. ही सांगड घालण्याची रीत डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली लिहून काढली. तिला एआरपी म्हणतात. ती गावच्या दवंडीसारखी आहे. ‘अमुक आयपी पत्त्याचा धनी कोण?’ असा पुकारा सर्वांना ऐकू जातो. ज्याचा तो पत्ता असेल तो आपला मॅक पत्ता कळवितो आणि विचारणारा ते आपल्या वहीत टिपून ठेवतो, म्हणजे दर वेळी दवंडी पिटावी लागत नाही.

वही आली की जुनी नोंद केव्हा पुसावी हा प्रश्न आलाच. स्विचजवळ एक वही मूळचीच असते: कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची. जो स्विच राउटरचेही काम करतो, त्याच्याजवळ दुसरी, एआरपीची वही असते. सिस्को कंपनीच्या स्विचवर, कोणी हात लावला नाही तर, पहिल्या वहीतील नोंद ३०० सेकंदांच्या शांततेनंतर पुसली जाते. दुसरीतील मात्र ४ तास टिकते. परिणाम पाहा. एखादे यंत्र पाच मिनिटांहून अधिक काळ गप्प बसले की स्विचला त्याचा चेहरा आठवतो, पण ते कोणत्या दाराशी राहते ते आठवत नाही. मग त्याच्या नावचा मजकूर त्या विभागातील सगळ्याच दारांवर टाकला जातो. जाळ्यावरचा भार वाढतो आणि एकाचे पत्र दहांच्या ओसरीवर पडते. उपाय सोपा आहे. एआरपीची मुदत पहिल्या वहीच्या मुदतीहून कमी ठेवावी. मग दार विसरण्यापूर्वीच नवी विचारणा होते आणि उत्तर येताच स्विच दारही पुन्हा शिकतो.

आता खरी अडचण. उत्तर देणाऱ्याची साक्ष तपासण्याची सोय एआरपीत नाही. इतकेच नव्हे, कोणी न विचारताच ‘हा पत्ता माझा’ असे जाहीर केले, तरी पुष्कळ यंत्रे जुनी नोंद खोडून नवी लिहितात. ही मुभा निरर्थक नव्हे. एक यंत्र बंद पडून दुसरे त्याच्या जागी उभे राहते, तेव्हा तिचा उपयोग होतो. पण तोतयालाही तीच वाट मोकळी असते. जाळ्यातून बाहेर नेणारा राउटर आपणच, असे एखाद्या संगणकाने भासविले, की साऱ्या कचेरीचा बाहेर जाणारा मजकूर त्याच्या हातून जाऊ लागतो. आज पुष्कळसा मजकूर सांकेतिक रूपात जातो, त्यामुळे तो त्याला वाचता येईलच असे नाही. अडविणे मात्र त्याच्या हाती राहते.

यावर स्विचला पहारेकरी करता येते. डीएचसीपी ही आयपी पत्ते वाटणारी व्यवस्था. कोणत्या पोर्टवरील कोणत्या मॅक पत्त्याला कोणता आयपी पत्ता मिळाला, याची यादी स्विचने ठेवावी आणि प्रत्येक एआरपी उत्तर तिच्याशी ताडून पाहावे. न जुळल्यास ते टाकून द्यावे. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी यादी भरू द्यावी. मग दुसऱ्या स्विचकडे वा राउटरकडे जाणारी पोर्टे विश्वासू ठरवावीत. ज्या छपाईयंत्रांना व सर्व्हरांना आयपी पत्ता हाताने दिलेला असतो, त्यांची नावे यादीत आपोआप येत नाहीत. ती स्वतंत्र लिहावीत. पहारा त्यानंतर बसवावा. हा क्रम चुकला तर तोतयाऐवजी घरचीच माणसे दाराबाहेर राहतात.

तेव्हा यंत्र तपासू शकते, पण कोणती नोंद खरी मानावी हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. ती जबाबदारी यादी लिहिणाऱ्याची आहे. आपल्या कचेरीत ती कोणी लिहिली आहे काय आणि शेवटची केव्हा पाहिली, एवढी चौकशी प्रत्येकाने करावी, असे आम्हांस वाटते.