न्हावा-शेवा बंदर परिसरातील रोजगाराची असुरक्षितता : स्वरूप, कारणे व सामना

प्रस्तावना

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर भारतातील रोजगाराचे स्वरूप मूलतः बदलले. 'एकदा नोकरी लागली की निवृत्तीपर्यंत चिंता नाही' ही मध्यमवर्गाची व संघटित कामगारांची धारणा हळूहळू मोडीत निघाली. नोकरकपातीची चर्चा मात्र बहुधा माहिती-तंत्रज्ञान कंपन्या, बँका आणि विमान कंपन्या यांच्याभोवतीच फिरते. बंदर, गोदाम आणि वाहतूक या क्षेत्रांतील कपात वृत्तपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच येते, कारण तेथे ती 'कपात' या नावाने होतच नाही. प्रस्तुत लेखात न्हावा-शेवा बंदर परिसराच्या आधारे रोजगाराच्या असुरक्षिततेची संकल्पना, तिची स्थानिक कारणे आणि तिला सामोरे जाण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

संकल्पना : धोका आणि हतबलता

कामावरून कमी होणे आणि कामावरून कमी होण्याची भीती या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली ही घटना आहे, तर दुसरी ही अवस्था. लिओनार्ड ग्रीनहॉल्फ आणि झेहाव्हा रोझेनब्लाट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये रोजगाराच्या असुरक्षिततेची मांडणी करताना तिचे दोन घटक सांगितले : नोकरीवरील धोक्याची तीव्रता आणि त्या धोक्यापुढे व्यक्तीला वाटणारी हतबलता. धोका तेवढाच असला तरी ज्याच्या हाती माहिती, कायदेशीर संरक्षण व संघटनेचे पाठबळ आहे, त्याची असुरक्षितता कमी असते. याउलट, धोका दूरचा असूनही ज्याला काहीच कळत नाही व ज्याचे कोणी ऐकत नाही, तो दररोज असुरक्षित असतो. प्रस्तुत विवेचनात हा भेद मध्यवर्ती आहे.

येथे एक पारिभाषिक खुलासा आवश्यक आहे. बोलण्यात 'ले-ऑफ' हा शब्द कायमच्या कपातीसाठी वापरला जातो. भारतीय कामगार कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज इत्यादींच्या अभावी तात्पुरते काम न देणे. त्या काळात पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कायमच्या कपातीस कायद्यात 'छाटणी' म्हणतात. तीत पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देय असते. दहा वर्षे सेवा झालेल्या कामगाराला या हिशेबाने १५० दिवसांचे वेतन मिळावयास हवे. दोन संज्ञांचा घोटाळा झाल्यास मागणीच चुकीची केली जाते.

पार्श्वभूमी : जमिनीच्या बदल्यात नोकरी

न्हावा हे गाव पनवेल तालुक्यात, तर शेवा हे उरण तालुक्यात येते. या दोन गावांच्या नावाने ओळखले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. तत्पूर्वी येथील आगरी, कराडी व कोळी समाजाची उपजीविका भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर होती. नवी मुंबई प्रकल्प व त्यापाठोपाठ बंदर यांसाठी या जमिनी संपादित झाल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व राज्यात रूढ झाले. तथापि बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना भूखंडांची इरादापत्रे देण्याचा कार्यक्रम ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे गोळीबारानंतर तीस वर्षांनी झाला.

हा इतिहास नोकरीच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. अन्यत्र नोकरी ही पात्रतेने मिळविलेली संधी मानली जाते. येथे ती गेलेल्या जमिनीचा मोबदला मानली गेली. मोबदला परत घेतला जात नाही, नोकरी मात्र जाऊ शकते. त्यामुळे प्रकल्पग्रस्त कुटुंबातील व्यक्तीचे काम सुटते, तेव्हा त्या कुटुंबाच्या मनात ते दुसरे विस्थापन ठरते. शेतकऱ्याला पाऊस दगा देतो तेव्हा पुढच्या हंगामाची आशा असते, कारण जमीन जागेवर असते. येथे परत जाण्यासाठी जमीनच उरलेली नाही.

असुरक्षिततेची तीन कारणे

पहिले कारण मालकीतील बदलाचे आहे. सुरुवातीस बंदर स्वतःच कंटेनर हाताळत असे. १९९७ मध्ये खासगी कंपनीशी करार होऊन १९९९ मध्ये देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल येथे सुरू झाले. त्यानंतर २००६, २०१५ व २०१८ मध्ये आणखी खासगी टर्मिनले आली. २०२२ मध्ये बंदराचे स्वतःचे टर्मिनलही सवलत कराराने खासगी समूहाकडे गेले आणि बंदर पूर्णतः 'जमीनमालक' स्वरूपाचे झाले. म्हणजे जमीन व पायाभूत सुविधा प्राधिकरणाच्या, तर प्रत्यक्ष कामकाज खासगी कंपन्यांचे. या निर्णयास कामगार संघटनांनी विरोध केला होता. कर्मचाऱ्यांपुढे विशेष स्वेच्छानिवृत्तीचा पर्यायही ठेवण्यात आला.

दुसरे कारण कार्यपद्धतीतील बदलाचे आहे. पूर्वी आयात कंटेनर जहाजावरून उतरून टर्मिनलच्या यार्डात आणि तेथून बहुधा परिसरातील कंटेनर फ्रेट स्टेशनात जात असे. तेथे सीमाशुल्क तपासणी, माल उतरविणे, साठवण व पुढील पाठवणी होई. द्रोणागिरी, भेंडखळ, खोपटे, जासई या पट्ट्यांत उभ्या राहिलेल्या अशा केंद्रांनी स्थानिक तरुणांना सर्व्हेअर, फोर्कलिफ्ट चालक, टॅली क्लार्क, सुरक्षारक्षक, हमाल अशी कामे दिली. साधारण २०१६ पासून थेट बंदर वितरण पद्धतीवर भर देण्यात आला. या पद्धतीत माल टर्मिनलवरूनच आयातदाराच्या कारखान्याकडे जातो. आयातदाराचा वेळ व पैसा वाचतो आणि देशाच्या व्यापारास लाभ होतो, हे निर्विवाद आहे. परंतु जो टप्पा गळला, त्याच टप्प्यावर स्थानिक रोजगार उभा होता. लाभ देशभर विखुरला गेला, तोटा मात्र काही गावांत साचला.

तिसरे कारण कंत्राटी पद्धतीचे आहे. बंदरात २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने ७३ लाख एकके, हाताळली गेली. वाढत्या कामाबरोबर कायमच्या नोकऱ्या त्याच प्रमाणात वाढतातच असे नाही. ठेकेदाराचा करार संपला, नवा ठेकेदार आला आणि जुन्यांपैकी काहींची हजेरी लागली नाही, एवढ्यावर काम संपते. सूचनापत्र नाही, हिशेब नाही. मुदतीच्या कराराचे नूतनीकरण न होणे ही कायद्याच्या व्याख्येत छाटणीच नव्हे. ठेकेदार बदलल्याने सेवेची वर्षे नव्याने मोजली गेली, तर दहा वर्षे एकाच यार्डात राबलेल्या माणसाची सेवा कागदावर एक वर्षाचीही भरत नाही. वर उल्लेखिलेले १५० दिवसांचे वेतन येथेच नाहीसे होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार छाटणीसाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची अट आता १०० ऐवजी ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आहे, आणि तीही कारखाने, खाणी व मळे यांपुरती. दुसरीकडे मुदतबंद कर्मचाऱ्यास एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. छाटणी झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूदही आहे. संरक्षण एकीकडे सैल झाले, तर दुसरीकडे काही हक्क नव्याने आले. ते हक्क ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच ते मिळवता येतील.

मानसिक परिणाम

व्हिएन्नाजवळील मारिएनथाल या गावातील एकमेव कापड गिरणी बंद पडल्यानंतर तेथील बेकारीचा अभ्यास मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनी केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. काम सुटल्यावर लोकांना मोकळा वेळ भरपूर मिळाला, तरी गावच्या ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. पुस्तकांचे शुल्क रद्द करूनही ही घट थांबली नाही. रिकामा वेळ हा विसावा ठरत नाही, असा याचा अर्थ होय. याहोडा यांनी पुढे दाखवून दिले की, काम पगाराखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाला आकार, घराबाहेरील संपर्क, सामूहिक उद्दिष्ट, प्रतिष्ठा आणि नियमित कृतिशीलता. काम जाते तेव्हा या पाचही गोष्टी जातात.

एका गिरणीवर उभे असलेले मारिएनथाल आणि एका बंदरावर उभी असलेली उरण-पनवेल पट्ट्यातील गावे यांतील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. लहान गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात. म्हणून लाज अधिक आणि लपवाछपवीही अधिक. घरातील हप्ते, मुलांचे शिक्षण, लग्नकार्ये यांचा भार तसाच राहतो. आपलीच काही चूक झाली असावी, अशी स्वतःला दोष देण्याची वृत्ती बळावते. वास्तविक पद्धत बदलल्यामुळे काम गेलेले असते.

सामना : व्यक्ती, कुटुंब आणि संघटना

रिचर्ड लाझारस व सुझन फोकमन यांनी ताणास सामोरे जाण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत : समस्याकेंद्री आणि भावनाकेंद्री. दोन्हींची आवश्यकता असते. घरात सत्य सांगणे, दिवसाचा क्रम टिकविणे, मित्रमंडळींत व गावच्या कार्यात सहभागी राहणे, झोप व खाणे बिघडल्यास वैद्यकीय सल्ला घेणे, हे भावनाकेंद्री उपाय होत.

समस्याकेंद्री उपायांचा आरंभ कागदांपासून होतो. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, प्रवेशपास, हजेरीच्या नोंदी, बँक खात्यातील जमा रकमा व भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक हे सर्व कामावर असतानाच जपून ठेवावे. १२ महिन्यांत २४० दिवस काम झाल्याचे सिद्ध करणे हे अनेक दाव्यांचे मूळ असते. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या विमाधारकांसाठी २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली; २०२० मध्ये तिचा भत्ता सरासरी दैनिक कमाईच्या २५ वरून ५० टक्के करण्यात आला. तो आयुष्यात एकदाच व कमाल ९० दिवसांसाठी असून योजनेची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आहे, म्हणून स्थानिक कार्यालयात चौकशी करणे हिताचे. भविष्य निर्वाह निधी घाईने पूर्ण काढून घेण्याआधी हेही पाहावे की, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते.

तथापि केवळ वैयक्तिक उपायांवर भिस्त ठेवणे अपुरे आहे. 'नवे कौशल्य शिका' हा सल्ला धोका कमी करतो, हतबलता नव्हे. ती कमी करण्याचा अनुभव याच खाडीच्या पलीकडे आहे. मुंबई गोदीत रोज सकाळी माणसे निवडून घेण्याची जुनी रीत होती. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर १९५१ मध्ये बॉम्बे डॉक लेबर बोर्ड स्थापन झाले. नोंदणीकृत कामगार हजर राहिला आणि काम मिळाले नाही, तरी त्याला काही किमान रक्कम मिळू लागली. जहाजांची अनिश्चितता संपली नाही, मात्र तिचा सगळा भार एकट्या मजुराच्या डोक्यावरून उतरला. १९६९ च्या माथाडी कायद्यानेही हमालाची नोंद एका मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवली. मालक बदलला तरी त्याची नोंद, निधी व ओळख टिकली. न्हावा-शेवा परिसरातील कंत्राटी कामगाराला नेमके हेच हवे आहे : ठेकेदार बदलला तरी न तुटणारी सेवेची नोंद.

महाविद्यालयांची भूमिका

या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. विद्यार्थी अचानक गैरहजर राहू लागतो, शुल्काचा हप्ता थकतो, तो रात्रपाळीला जाऊ लागतो. त्यामागे वडिलांचे सुटलेले काम असू शकते. वाणिज्य विभागाने वेतनचिठ्ठी व निधीची नोंद वाचावयास शिकविणे, अर्थशास्त्र विभागाने गावनिहाय रोजगाराची पाहणी करणे, राष्ट्रीय सेवा योजनेने कायदेविषयक शिबिर घेणे आणि मानसशास्त्र विभागाने समुपदेशनाची सोय करणे या गोष्टी विशेष खर्चाच्या नाहीत. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली. नव्या नोकऱ्यांकडे तरुणांचे डोळे लागले आहेत. नोकरी मिळाली का, यासोबत ती कोणाच्या नावावर व किती मुदतीची आहे, हे विचारण्याची सवय त्यांना लावणे हे शिक्षकाचे काम होय.

हा प्रश्न अध्यापकांना परकाही नाही. राज्यातील वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची नेमणूक सत्रापुरती असते आणि मानधन घेतलेल्या तासांवर अवलंबून असते. सत्र संपले की त्यांनाही कोणी काढून टाकत नाही. केवळ पुढील नेमणूक होत नाही. यार्डातील टॅली क्लार्क आणि वर्गातील तासिका अध्यापक यांच्या शिक्षणात अंतर असले, तरी दोघांच्या असुरक्षिततेची रचना एकच आहे.

समारोप

व्यापाराच्या पद्धती बदलत राहणार आणि बदलांसोबत कामेही जात-येत राहणार. तो धोका कोणत्याही गावाला एकट्याने टाळता येणार नाही. हतबलता मात्र टाळता येते. सेवेची अखंड नोंद, वेळेवर मिळालेली माहिती, हक्कांचे ज्ञान आणि संघटनेचा आधार यांनी ती कमी होते. ज्या गावांनी बंदरासाठी जमीन दिली, त्यांच्या पुढील पिढीला निदान एवढी हमी मिळणे हा विकासाच्या हिशेबातील शिल्लक राहिलेला भाग आहे.