कोळंबीची टरफलं जातात कुठे?



कोळंबी सोलल्यावर जी टरफलं आपण टाकून देतो, त्यांतला एक मुख्य पदार्थ म्हणजे कायटिन. खेकडे, कोळंब्या आणि त्यांचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे भाऊबंद वाढताना सारखी कात टाकतात. ही सगळी टरफलं साठत राहिली असती तर समुद्राच्या तळाशी त्यांचे डोंगर झाले असते. तसं का होत नाही, ते या अंकात आम्ही सांगणार आहोत.

ही टरफलं जिवाणू खातात. चमचाभर समुद्राच्या पाण्यात लाखो जिवाणू असतात! कायटिन म्हणजे साखरेसारख्या रेणूंची लांबच लांब माळ. भातातला स्टार्चही अशीच माळ असते. भाताचा घास खूप वेळ चावून पाहा, गोडसर लागेल. लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, ती माळ तोडतं.

जिवाणूला मात्र तोंडच नाही, आणि टरफलाचा कण त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा! मग तो पोहत जाऊन कणाला घट्ट चिकटतो आणि विकरं बाहेर सोडतो. माळ बाहेरच तुटते, आणि सुटे मणी तो आत ओढून घेतो. लांब राहून विकरं सोडली तर ती पाण्याबरोबर वाहून जातील, म्हणून चिकटणं महत्त्वाचं.

पण पंगत मांडली की न बोलावलेले पाहुणेही येतात. एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी आपल्या बॉस्टनजवळच्या नहांटचं समुद्राचं पाणी घेऊन त्यात कायटिनचे बारीक कण सोडले. आधी आले ते कायटिन तोडणारे जिवाणू. मागाहून आले ते ज्यांना कायटिन तोडता येत नाही, पण पहिल्यांनी बाहेर टाकलेल्या पदार्थांवर जगता येतं. शेवटी त्यांचीच गर्दी झाली! हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले.

पालकहो, या चिकटण्याचा माणसालाही उपयोग झाला आहे. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणूही कायटिन खाणाराच. खाडीच्या आणि नदीमुखाच्या पाण्यात तो पुष्कळदा सूक्ष्म जीवांच्या कवचांना चिकटून असतो. सुटा जिवाणू कापडातून सहज निसटतो, पण कवचाला चिकटलेला कवचाबरोबर अडकतो. हे ओळखून रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागातील बायकांना जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळायला शिकवलं. जुनी साडी अशासाठी की धुऊन धुऊन धागे मऊ होतात आणि कापडाची छिद्रं बारीक होतात. त्या गावांत पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, असं २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलं.

अर्थात कापडाने सगळे जंतू जात नाहीत. जिथे पाण्याची खात्री नाही तिथे ते उकळायलाच हवं. सुट्टीत भारतात गेलात की आजीला विचारा, पाणी गाळायचं फडकं कसलं असायचं आणि किती पदरी. उत्तर पाच ओळींत लिहून आणा. पुढच्या अंकात आम्ही ते जरूर छापू.